माळ्यावरची बीएचसी, पाऱ्याचं बीपी मशीन, इन्व्हर्टरची बॅटरी... हे सगळं द्यायचं कुणाला?

बोरीकाठची
नमस्कार मंडळी. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळे जमले तेव्हा घरात ठरलं की पावसाळ्याच्या आत जुनं धाब्याचं घर उतरवायचं, मागच्या वर्षी दोन खणांत गळती लागली होती आणि एक कडी तर बोटाने भुगा पडेल इतकी खाल्लीय. तेव्हापासून रोज शाळा सुटली की मी सामान काढतेय. भांडी वाटून झाली, कणग्या शेजारच्यांनी नेल्या, चिंध्या गोधडीला गेल्या, लोखंड भंगारवाल्याने तोलून नेलं. आता ओट्यावर जे उरलंय ते कुणालाच नकोय आणि मला ते फेकवत नाहीये.

सांगते काय काय आहे. एक गंजलेला पत्र्याचा डबा, अर्धा भरलेला, बीएचसी पावडरचा, म्हणजे कीड मारायच्या जुन्या भुकटीचा. आजेसासरे ज्वारीच्या कणगीभोवती टाकायचे म्हणे. झाकण उचललं नाही तरी वास येतो, ओल्या भिंतीवर काहीतरी कुजल्यासारखा, आणि डब्याच्या बुडाला बोटभर भोक पडलंय त्यातून पांढरी भुकटी फळीवर सांडलीय. दोन बाटल्या एंडोसल्फानच्या, तेही फवारणीचं कीटकनाशक, सील न तोडलेल्या. सासरे कंपाउंडर होते त्यांचं पाऱ्याचं बीपी मशीन, काचेची नळी शाबूत आहे. अकरा जळक्या ट्यूबा. एक इन्व्हर्टरची बॅटरी. रिमोट-घड्याळाचे सेल, लोणच्याची बरणी भरून. मुदत संपलेल्या गोळ्यांची पिशवी. आणि सासूबाईंच्या इन्सुलिनच्या सुया, त्या मी पाण्याच्या बाटलीत टाकत गेले तशा तीन बाटल्या भरल्यात.

आमच्या गावात घंटागाडी नाही. नणंद शहरात राहते तिच्या दारात येते म्हणून मी तिथल्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला ताई द्या मागे टाकून, शेवटी सगळं एकाच खड्ड्यात जातं. तो खोटं बोलला नाही, म्हणून जास्त वाईट वाटलं. सासूबाई डबा बघून एवढंच म्हणाल्या, "हाई इख शे, हात नको लावजो." चाळीस वर्षं तो डबा त्यांनी पोरांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवला. आपल्या देशात असल्या वस्तूचं शेवटी करायचं काय, कुणाला माहीत असेल तर नीट सांगा. "फेकून द्या" सांगू नका.

केळीबाग
ताई आधी त्या डब्याला हात लावायचं थांबवा. बीएचसीवर आपल्याकडे १९९७ पासून बंदी आहे, एंडोसल्फानवर सुप्रीम कोर्टाने २०११ च्या मे महिन्यात. दोन्ही वर्षानुवर्षं मातीत टिकून राहणारी विषं आहेत. विहिरीजवळ पुरू नका, पेटवू तर अजिबात नका.

आणि हे एकट्या तुमच्या माळ्यावर नाही. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात कुणाच्याही मळ्यातली खोली उघडा, कोपऱ्यात फवारणीच्या औषधाचे दहावीस रिकामे डबे सापडतील. बाटली रिकामी झाली की काय होतं तेही लिहितो, कारण मी स्वतः केलंय. चांगली जाड प्लास्टिकची कॅन असते, टाकवत नाही, धुऊन त्यात डिझेल भरतो, आमच्या सालदाराच्या घरी एकदा मी अशाच कॅनमध्ये प्यायचं पाणी बघितलं. लेबल अर्धं फाटलेलं होतं पण जहाल विषाची खूण असलेला लाल त्रिकोण दिसत होता. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाटली तीनदा खळखळून त्याच पंपात ओततो आणि लगेच खिळ्याने भोकं पाडतो, म्हणजे परत कुणी भरू नये. पण भोकं पाडल्यावर पुढे काय, तिथे माझाही रस्ता संपतो. पोती भरून शेडमध्ये पडलीयेत.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय की रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. पन्नास वर्षांपूर्वी काचेच्या चार बाटल्या असतील तेव्हा ठीक होतं. आता एका गावात कपाशीच्या एका हंगामात किती डबे निघतात ते कृषी केंद्रवाल्याला विचारा, तेवढं पुरायला वस्तीपासून दूरची जागा शिल्लक तरी आहे का?

चोपडा_ते_हॅनोव्हर
मी मूळचा चोपड्याचा, नोकरीनिमित्त सहा वर्षं जर्मनीत आहे. इथलं सांगतो, कौतुक म्हणून नाही, रस्ता कसा बांधलाय ते कळावं म्हणून.

घरात चार ठिकाणी कचरा वेगळा होतो: कागद, वेष्टनांची पिवळी पिशवी, ओला, आणि उरलेला. काचेच्या बाटल्या चौकातल्या टाक्यांत टाकायच्या, पांढरी हिरवी तपकिरी वेगवेगळी, आणि रविवारी टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनमध्ये बाटली घातली की पैशाची पावती बाहेर येते. २००३ पासून आहे हे. रस्त्यावर बाटली पडलेली दिसत नाही कारण पडली तर दुसरा कुणी उचलून पैसे घेतो.

पण ताईंचा प्रश्न त्या पलीकडचा आहे ना. सेलची पेटी प्रत्येक दुकानात दारापाशी असते, जो सेल विकतो त्याला जुने घ्यावेच लागतात, कायद्याने. जुनी उपकरणं मोठ्या दुकानांना परत घ्यावी लागतात. रंगाचे डबे, कीड मारायची भुकटी, थर्मामीटर असल्या गोष्टींसाठी एक गाडी ठरलेल्या तारखेला ठरलेल्या चौकात येऊन उभी राहते, आत हातमोजे घातलेला जाणकार माणूस असतो, तो विचारतो काय आहे, लेबल बघतो आणि त्या त्या ड्रममध्ये ठेवतो. घरगुती असेल आणि थोडं असेल तर बहुतेक ठिकाणी पैसे लागत नाहीत. मी स्वतः एक जुनं थर्मामीटर दिलं होतं, त्याने ते काचेच्या बरणीत ठेवलं, बरणी वाळूच्या खोक्यात ठेवली आणि मला "थँक यू" म्हणाला. दोन मिनिटांचं काम.

आणि जे जाळूनही संपत नाही, पुरूनही मरत नाही, पारा, सायनाइड, डायॉक्सिन नावाच्या जहाल विषारी रसायनवालं, त्यासाठी हेसन राज्यात हेर्फा-नॉयरोडे म्हणून जागा आहे. मिठाची खाण, जमिनीखाली कित्येकशे मीटर. १९७२ पासून तिथे ड्रम रचून ठेवतात, कुठल्या खोलीत कुणाचा ड्रम आहे त्याची नोंद असते. मीठ पाणी आत येऊ देत नाही म्हणून खाण निवडली.

भुसावळकर
@चोपडा_ते_हॅनोव्हर भाऊ छान लिहिलंत, पण ते लोक काय जन्मापासून असे होते का? आपल्याला नेहमी वाटतं ते गोरे म्हणून शिस्तीचे.

चोपडा_ते_हॅनोव्हर
नाही भाऊ, अजिबात नाही. हॅम्बुर्गला गेऑर्ग्सवेर्डर नावाचा डोंगर आहे, तो कचऱ्याचाच आहे, युद्धानंतर टाकायला सुरुवात केली आणि नंतर कारखान्यांचे रसायनाचे ड्रमही तिथेच टाकले. बंद केल्यावर १९८३ साली डोंगरातून झिरपणाऱ्या द्रवात डायॉक्सिन सापडलं. मग वरून झाकण, बाजूने गटार, पाण्यावर प्रक्रिया, हे आजही चालूच आहे, वरती पवनचक्क्या आणि सोलर लावलेत. पश्चिम जर्मनी तर आपला घातक कचरा पैसे देऊन पूर्व जर्मनीत शोनबर्गच्या खड्ड्यात पाठवत होती. घरचा कच्चा कचरा प्रक्रिया न करता खड्ड्यात टाकायला पूर्ण बंदी आली ती २००५ च्या जूनमध्ये, म्हणजे आपण कॉलेजात होतो तेव्हा. म्हणून मी म्हणतो हे रक्तात नसतं, कुणीतरी ते दुकानाच्या दारातली पेटी सक्तीची केली म्हणून झालं.

एमआयडीसी_जळगाव
मी प्लास्टिकच्या कारखान्यात सेफ्टी बघतो. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते ती सांगतो, लांब होईल, वाचा.

आपल्या देशात घातक कचऱ्याचा रस्ता नाही असं नाही. कारखान्यासाठी आहे. भोपाळची वायुगळती १९८४ ला झाली, त्यानंतर १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली घातक कचऱ्याचे नियम आले, आत्ताचे २०१६ चे. माझ्या कारखान्यात वापरलेलं तेल, रंगाचा गाळ, सॉल्व्हंट लागलेल्या चिंध्या निघाल्या तर ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाहीत. छताखाली, पक्क्या फरशीवर, खाली गळती अडवायला कठडा, ड्रमवर लेबल. पाठवताना सात रंगांच्या सात प्रतींचा मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा नोंदीचा कागद, भरायचा, एक आमच्याकडे, एक ट्रकवाल्याकडे, एक प्रदूषण मंडळाकडे, आणि ज्याच्याकडे माल पोचला त्याची सही होऊन प्रत परत आली की मग फाइल बंद. माल जातो तो महाराष्ट्रातल्या सामायिक केंद्रांवर: तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी. तिथे जाळायची भट्टी असते आणि दुहेरी अस्तर घातलेला खड्डा असतो, ज्यात झिरपणारं पाणी गोळा करायला खाली नळ्या टाकलेल्या असतात.

दवाखान्याचाही रस्ता आहे. पिवळी लाल पांढरी निळी अशा रंगांच्या वेगवेगळ्या पिशव्या-डबे, ४८ तासांच्या आत गाडी नेते.

आता बघा, तेच बीपी मशीन दवाखान्यात फुटलं तर त्याच्यासाठी नियम, रजिस्टर, सगळं. तेच ताईंच्या ओट्यावर फुटलं तर झाडूने लोटून उकिरड्यावर. पारा तोच आहे ना!

निवृत्त_निरीक्षक
मी एका नगरपालिकेत ३१ वर्षं आरोग्य खात्यात काढली. पालिकेचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माझे सहकारी आहेत आणि दोष एकट्या पालिकेचा नाही.

घरासाठी रस्ता नाही असं एमआयडीसीवाल्या भाऊंना वाटतंय, पण कागदावर आहे. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या होती, त्यात रंगाचे डबे, कीटकनाशकाचे डबे, ट्यूब, सीएफएल, मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचं थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया सगळं यायचं. म्हणजे ताईंच्या ओट्यावरची यादी जवळजवळ जशीच्या तशी. आणि नियम १५ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की शहरात दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उघडायचं आणि त्याची वेळ जाहीर करायची. आमचं शहर लहान, एक केंद्र पुरलं असतं. एक खोली, चार ड्रम, आठवड्यातून दोन तास बसणारा एक माणूस.

झालं नाही. का झालं नाही ते सांगतो. आम्हाला रोज सकाळी अकराच्या आत गावातला कचरा उचलायचा असतो, नाहीतर फोन सुरू होतात. ओला कचरा वास मारतो म्हणून त्याची तक्रार येते. ट्यूबला वास नाही, बॅटरीवर माश्या बसत नाहीत, त्याची एकही तक्रार ३१ वर्षांत माझ्या टेबलावर आली नाही. नवीन घंटागाड्या आल्या तेव्हा त्यांना मागे एक छोटा वेगळा डबा होता, असल्याच वस्तूंसाठी. त्या डब्यात गोळा झालेलं पुढे कुठे रिकामं करायचं याचा लेखी आदेश कुणी काढला नाही, मीही आग्रह धरला नाही, म्हणून पहिल्या महिन्यात जे जमलं ते डेपोवरच ओतलं गेलं. माझ्या सहीने गाड्या ताब्यात घेतल्या होत्या. हे मला आजही लागतं.

आमच्या एका सफाई करणाऱ्या ताईंना वेचताना सुई टोचली, डायपरमध्ये गुंडाळलेली होती. सहा महिने रक्त तपासत होत्या, दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत त्या माझ्या खोलीबाहेर बाकावर बसून राहायच्या, बोलायच्या नाहीत काही. रिपोर्ट चांगला आला शेवटी. बोरीकाठच्या ताई, तुम्ही सुया बाटलीत टाकल्यात, फार मोठं काम केलंत.

धुळ्याची_सिस्टर
काकांचं वाचून हात थांबला माझा. ताई सुयांच्या बाटल्यांचं झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा आणि मार्करने मोठ्ठं लिहा "सुया". पाण्याची पातळ बाटली चेपते हो, त्यातून सुई बाहेर येते, पुढच्या वेळी फिनेल किंवा शाम्पूची जाड बाटली घ्या. सुईवर टोपण परत बसवायला जाऊ नका, तिथेच जास्त टोचतात. तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात विचारा, त्यांची गाडी येतेच, आमच्याकडे पेशंट आणून देतात तर आम्ही पांढऱ्या डब्यात टाकून घेतो.

पाऱ्याचं मशीन आडवं करू नका, उभंच ठेवा आणि मशीनवर लॉक असेल तर तो बंद करा. आपल्याकडचा उन्हाळा बघता सावलीत ठेवा, पाऱ्याची वाफ उष्णतेने वाढते. समजा फुटलंच तर झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम तर मुळीच नाही, खिडक्या उघडून पोरांना बाहेर काढायचं, दोन पत्त्यांनी किंवा जाड कागदाने थेंब एकत्र ढकलायचे आणि झाकणाच्या बाटलीत घालायचे. अंगावरचं सोनं आधी काढून ठेवा, पारा सोन्याला धरतो.

गोळ्या मोरीत ओतू नका. सगळी अँटिबायोटिक नाल्यातून नदीत जातात आणि मग आमच्याकडे असे पेशंट येतात ज्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही. केरळ सरकारने २०२५ मध्ये कोझिकोडपासून जुनी औषधं परत घ्यायला सुरुवात केलीय. आपल्याकडे मेडिकलवाला मुदत संपायच्या आधी कंपनीला परत करतो, पण घरचं कोणी घेत नाही.

भुसावळकर
बॅटरीचं मी सांगतो, आमचं भंगाराचं दुकान आहे, आधी वडिलांनी तीस वर्षं चालवलं.

इन्व्हर्टरची बॅटरी ही या यादीतली एकमेव गोष्ट आहे जिला सगळे मागतात, कारण आत शिसं आहे. नवीन घेताना दुकानदार जुनीचे पैसे वळते करतो, २००१ पासून डीलरला जुनी परत घेणं बंधनकारक आहे आणि २०२२ च्या नव्या नियमांत सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या, बनवणाऱ्या कंपनीवर जबाबदारी आली. म्हणून ताई ती डीलरलाच द्या, पावती घ्या. दारावरच्या माणसाला देऊ नका, तो शंभर-दोनशे जास्त देईल तरी देऊ नका.

का ते ऐका. मी आठवीत होतो. मागच्या अंगणात वडील आणि अजून एक माणूस बॅटऱ्या फोडायचे, आधी तिरपी करून ॲसिड नालीत ओतायचं, तो नालीचा सिमेंटचा काठ भुसभुशीत झाला होता, पायाने उकरला तर वाळू व्हायचा. मग कुऱ्हाडीने वरचं कव्हर तोडायचं, आतल्या प्लेटा ओढून काढायच्या आणि कढईत वितळवायच्या. माझ्या शाळेच्या चड्डीला बारीक बारीक भोकं पडायची, आई म्हणायची उंदराने कुरतडली. धाकटा भाऊ त्याच अंगणात रांगला. त्याला पुढे अभ्यास डोक्यात राहायचा नाही, आम्ही मारलं त्याला त्याच्यासाठी. शिसं लहान मुलांच्या मेंदूचं काय करतं ते मला तिशीत कळलं. ते त्या अंगणामुळेच झालं असं कुणी डॉक्टरने मला सांगितलेलं नाही, पण माझ्या मनातून जात नाही.

वडिलांना दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि फोडलेल्या बॅटरीला किलोमागे जास्त मिळायचं. संध्याकाळी वायरी जाळायचे ते पण तसंच, तांबं मोकळं व्हायचं, काळा धूर सगळ्या गल्लीत. आता आम्ही वायर सोलायचं मशीन घेतलंय आणि बॅटऱ्या आख्ख्याच पुढे देतो.

शिरपूर_फाटा
भोपाळचा विषय निघाला म्हणून. माझी मामेबहीण मध्य प्रदेशात पिथमपूरला दिलीय, आग्रा रोडने सेंधवा चढून गेलं की पुढे, म्हणजे आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमध्ये भरून रातोरात तिथे आणला. घटनेला चाळीस वर्षं झाल्यावर! गावात मोठं आंदोलन झालं, बहिणीने दोन दिवस दुकान उघडलं नाही. मग कोर्टाच्या देखरेखीखाली आधी दहा-दहा टन जाळून धूर मोजला आणि जूनच्या शेवटी सगळं जाळून संपवलं. चुना मिसळून जाळतात म्हणून राखच जळाल्या मालापेक्षा जास्त भरली. म्हणजे जाळलं तरी परत पुरायला काहीतरी उरलंच. आणि लोक म्हणतात पेटवून दे, संपलं.

पण तिथूनच तासाभरावर इंदूर आहे, ते पण सांगितलं पाहिजे. तिथल्या गाडीला खण पाडलेले आहेत, ओला सुका तर आहेच, सॅनिटरी वेगळा, ई-कचरा वेगळा, घातक वेगळा. मावशीच्या घरी मी स्वतः बघितलंय, मी चुकून सेल सुक्यात टाकला तर गाडीवरच्या बाईने काढून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली भैया, इसका डिब्बा उधर है. ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा ५५० टनांचा प्लँट २०२२ ला सुरू झालाय. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर उगाच नाही. इंदूरचे लोकही पोहे-शेव खाणारे आपल्यासारखेच आहेत.

केळीबाग
शिरपूर भाऊ बरोबर. अजून एक, आपल्या भागापुरतं. केळीच्या घडावर घालायच्या स्कर्टिंग बॅगा काढणीनंतर बांधावर पेटवतात, मी पण पेटवल्यात. २०१६ च्या डिसेंबरमध्ये हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला ५ हजार दंड ठरवलाय, पण मला दंडाने नाही, धूर अंगणात वळला आणि माझ्या आईला रात्रभर खोकला लागला त्याने अक्कल आली. ठिबकच्या जुन्या नळ्या जशा जळगावचे व्यापारी वजनावर घेतात आणि त्याच्या परत नळ्या, चटया होतात, तसं बॅगांचंही घेणारा मिळाला तर कोण पेटवेल?

फवारणीच्या औषधाच्या डब्यांसाठी ब्राझीलचं बघा. तिथे २००० साली कायदा केला. शेतकऱ्याने डबा तीनदा धुवायचा, भोक पाडायचं आणि खरेदीपासून वर्षाच्या आत परत द्यायचा. कुठे द्यायचा ते विक्रेत्याने बिलावरच छापायचं. पुढे न्यायचं काम कंपन्यांचं. त्यासाठी कंपन्यांनी मिळून एक संस्था काढली आणि आज बाजारात जाणाऱ्या शेतीच्या औषधाच्या डब्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या वर परत येतात. ब्राझीलचा शेतकरी काही फार शिकलेला म्हणून नाही. बिलावर पत्ता आहे म्हणून. आमच्या कृषी केंद्राच्या बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" एवढंच छापलेलं असतं.

बोरीकाठची
सगळ्यांचं दोनदा वाचलं. भुसावळकर दादांचं तीनदा. दादा, तुम्ही इतकं मोकळं लिहिलंत, तुमच्या धाकट्या भावाला माझा नमस्कार सांगा.

मला आता एक कळलंय ते असं, की कारखान्याला पत्ता आहे, दवाखान्याला पत्ता आहे, बॅटरीला पत्ता आहे कारण तिच्यात पैसा आहे, ज्यात पैसा नाही आणि जे घरात आहे त्याला मात्र पत्ता नाही. आणि शहराला निदान नियम १५ तरी होता, ते २०१६ चे नियम मुळात शहरांसाठी होते, गावाचं काय? आमची ग्रामपंचायत दिवाबत्ती आणि पाणीपट्टीतच दमते.

निवृत्त_निरीक्षक
ताई, १ एप्रिल २०२६ पासून नवे घनकचरा नियम लागू झालेत, त्यात घरातच चार भाग करायचे आहेत, ओला, सुका, सॅनिटरी आणि चौथा विशेष काळजीचा, तो हाच. म्हणून आत्ता अर्ज करायची वेळ चांगली आहे. तोंडी विचारू नका. जवळच्या नगरपालिकेला लेखी द्या, आवक नंबर घ्या. "जमा केंद्र कुठे आहे आणि कोणत्या वेळी उघडं असतं" एवढाच एक प्रश्न विचारा. दहा मागण्या लिहिल्या की उत्तर टाळता येतं, एक प्रश्न विचारला की कुणालातरी उत्तर लिहावं लागतं. प्रत प्रदूषण मंडळाच्या जळगावच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि बीएचसीच्या डब्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांना.

एमआयडीसी_जळगाव
डब्याचं तोपर्यंत असं करा. मास्क आणि जाड रबरी हातमोजे, वारा नसेल तेव्हा पहाटे, एकट्याने नाही. सांडलेल्या भुकटीवर आधी ओली माती शिंपडा म्हणजे उडणार नाही, मग पत्र्याच्या तुकड्याने उचलून मातीसकट जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणि डबा दोन्ही झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक ड्रममध्ये. ती फळी पण आत, तोडून. चुलीत घालू नका ती. ड्रम सिमेंटच्या फरशीवर, दाणा-वैरण-पाण्यापासून लांब. वर नाव आणि तारीख. कपडे वेगळे धुवा. तुम्हाला ड्रम नसेल तर आमच्याकडे रिकामे धुतलेले असतात, मी पाठवतो, मालकांना विचारलंय.

बोरीकाठची
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, घर उतरवण्यात गेले.

बॅटरी डीलरला दिली, पावती घेतली. सुया सिस्टरने सांगितल्याप्रमाणे पट्ट्या लावून आमच्या डॉक्टरांकडे दिल्या, त्यांनी काही विचारलं नाही, घेतल्या. आता गावातल्या इन्सुलिनवाल्या अजून चार घरांच्या सुया मी महिन्यातून एकदा नेणार आहे, शाम्पूच्या बाटल्या वाटून झाल्या. डॉक्टर म्हणाले बीपी मशीन पण घेऊन या, आमच्या पाऱ्याच्या मशीनबरोबर पाठवतो. मशीन उभंच मांडीत धरून बसने नेलं, ४३ डिग्री ऊन होतं, रस्त्यात दर खड्ड्याला मी नळीकडे बघत होते.

ड्रम आला. @एमआयडीसी_जळगाव भाऊ, तुमच्या माणसाने गाडीभाडं घेतलं नाही, सासूबाईंनी त्यांना कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. मी आणि ह्यांनी पहाटे पाच वाजता डबा उतरवला. फळी उचलली तर खाली भिंतीच्या सांध्यात एकही मुंगी नव्हती, त्या कोपऱ्यात वाळवी पण लागली नव्हती, बाकी सगळं घर वाळवीने खाल्लेलं. ड्रम गोठ्याच्या मागच्या खोलीत कुलपात आहे. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने त्यावर कोळशाने "इख" लिहिलंय, आणि पोरांना वाचता यावं म्हणून मी खाली "विष" लिहिलं.

कृषी अधिकाऱ्यांचं पत्र आलं, "आपला अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला आहे." प्रदूषण मंडळाकडून अजून काही नाही. नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक मात्र स्वतः फोनवर बोलले, तरुण मुलगा आहे, म्हणाला मॅडम आमच्याकडे केंद्र नाही हे मी तुम्हाला लेखी देतो, म्हणजे मला वरती मागता येईल. दिलं त्याने, सही-शिक्क्याचं. आणि तोपर्यंत पालिकेच्या जुन्या जकात नाक्याची एक खोली शनिवारी सकाळी नऊ ते अकरा उघडी ठेवतो म्हणाला, ट्यूबा, सीएफएल आणि सेल फक्त. पुढे कुठे न्यायचं ते ठरेपर्यंत खोलीत ठेवणार, डेपोवर टाकणार नाही असं मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

या शनिवारी मी माझ्या अकरा ट्यूबा आणि लोणच्याची बरणी घेऊन जातेय. अमळनेर भागातले कुणी असाल तर या. ट्यूबा ज्या खोक्यातून आल्या त्याच खोक्यात घाला, खोकं नसेल तर वर्तमानपत्रात दोन घड्या करून गुंडाळा आणि उभ्या धरा. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा.

निवृत्त_निरीक्षक
मी येतो. वजनकाटा आणि रजिस्टर माझ्याकडचं आणतो, पहिल्या दिवसापासून नोंद झाली पाहिजे.